राष्ट्रपती भवनाचा घुमट आणि सांचीची वेदिका

गेल्या वर्षावासात आमच्या संस्थेच्या इमारत समितीची बैठक भरली होती. नियोजित सभागृहावर घुमट कसा असावा, हा विषय होता. कोणी म्हणाले सांचीसारखा, कोणी म्हणाले दीक्षाभूमीसारखा. एका ज्येष्ठ सभासदांनी मात्र दिनदर्शिकेवरचे राष्ट्रपती भवनाचे रंगीत चित्र पुढे ठेवले आणि "हाही स्तूपच आहे की! मग हाच का नको?" असा प्रश्न केला. योगायोग असा की, त्याच आठवड्यात रविवारच्या अभ्यासवर्गातील एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते, "राष्ट्रपती भवन हा इंग्रजांनी बांधलेला बौद्ध स्तूप होय." निबंध तपासण्याचे काम आमच्याकडे असते. आम्ही त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली खरी. परंतु शेजारी बरोबर वाक्य काय लिहावे, ते काही केल्या सुचेना.

आम्ही बँकेत कारकून. इतिहास हा बी.ए.चा विषय होता एवढेच आमचे भांडवल. तथापि चूक दाखवायची आणि बरोबर काय ते सांगायचे नाही, हे काही योग्य नव्हे. म्हणून हिवाळ्यात रजा काढून, आगाऊ नोंदणी करून आम्ही ती वास्तू पाहून आलो आणि मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रांसमोर ठेवीत आहोत.

प्रथम वास्तूचा इतिहास थोडक्यात पाहू. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा केली. नव्या राजधानीसाठी रायसीना टेकडी निश्चित झाली. रायसीना, मालचा या गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आल्या. व्हाइसरॉयच्या निवासस्थानाचे काम एडविन लुटियन्स या वास्तुविशारदाकडे आले आणि दोन्ही सचिवालयांचे हर्बर्ट बेकर यांच्याकडे. चढाच्या रस्त्याच्या उतारावरून या दोघांचे असे बिनसले की, मैत्री ती कायमचीच तुटली. रस्त्याने वर येताना मधल्या टप्प्यावर घुमटाखालची इमारत दिसेनाशी होते, हे लुटियन्सच्या फार उशिरा लक्षात आले. आम्हीही त्या चढावर हा अनुभव घेतला. तक्रार खरी आहे.

इमारत १९२९ मध्ये पुरी झाली. लॉर्ड आयर्विन हे पहिले रहिवासी. नव्या राजधानीचे रीतसर उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. चार मजले, ३४० दालने, सुमारे ७० कोटी विटा, ३० लाख घनफूट दगड आणि खर्च सुमारे १ कोटी ४० लाख रुपये, असा हिशेब दिला जातो. एवढा खटाटोप करून इंग्रज व्हाइसरॉय तेथे राहिले किती, तर जेमतेम अठरा वर्षे!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घुमट स्तूपाचा आहे काय?

लुटियन्सला भारतीय वास्तुकलेविषयी आदर नव्हता, हे त्याच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट दिसते. त्याचा जीव रोमन आणि युरोपीय अभिजात शैलीत गुंतलेला. परंतु व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांचा आग्रह होता की, हिंदुस्थानवर राज्य करणारी इमारत हिंदुस्थानी डोळ्यांना परकी वाटता कामा नये. हा आग्रह कलेच्या प्रेमापेक्षा राजकारणाचा होता, असे आमचे मत आहे. त्यामुळे छज्जा आला, छत्र्या आल्या, दगडी जाळ्या आल्या, दगडात कोरलेले हत्ती आणि नाग आले. खांबांच्या डोक्याशी दगडी घंटा आल्या. आणि मधल्या प्रचंड घुमटाच्या पायथ्याशी, गोल भिंतीवर, चारी बाजूंनी आली ती सांचीच्या स्तूपाची वेदिका! उभे स्तंभ, त्यांत आडव्या सूची आणि वर उष्णीष. ज्याने सांची किंवा नुसते त्याचे चित्र पाहिले आहे, त्याला ही ओळख पटायला क्षण लागत नाही. घुमटाची प्रेरणा रोमच्या पँथिऑनची, असे लुटियन्सचे म्हणणे होते. असेलही. परंतु वेदिका काही रोमची नाही.

बँकेत बसून आम्हाला सांचीचा स्तूप दिवसातून कितीदा दिसतो म्हणून सांगावे! २०१७ साली निघालेल्या २०० रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूस तोच आहे. नोटा मोजताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही, ही गोष्ट वेगळी. दिल्लीहून परतल्यावर मात्र आम्ही एक नोट भिंगाखाली धरून पाहिली. मधले अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका, तिच्यावर छत्र, भोवती वेदिका आणि पुढे तोरण.

या अवयवांचा अर्थ लक्षात घेतला की फरक आपोआप कळतो. स्तूप आतून भरीव असतो. सम्राट अशोकाच्या काळी सांचीचा मूळ स्तूप विटांचा होता. शुंग काळात त्यावर दगडाचे आवरण चढून तो मोठा झाला. व्यास सुमारे ३६ मीटर आणि उंची साडेसोळा मीटर एवढा तो विस्तार. पण त्याला आत जायला दार नाही. त्यात कोणी राहत नाही, कोणी सिंहासन मांडून बसत नाही. मनुष्याने त्याच्याभोवती फिरायचे असते. वेदिका ही त्या फिरण्याच्या वाटेची मर्यादा. राजा असो की विणकर, दोघांनीही त्याच वाटेने चालायचे. रायसीनावर हेच उलटे झाले. घुमट पोकळ आहे, त्याच्या पोटात दरबार हॉल आहे आणि तेथे व्हाइसरॉय व त्याची पत्नी यांच्यासाठी दोन सिंहासने होती. वेदिका उचलून इतकी उंच नेली की, तिच्याभोवती फिरतात ती फक्त कबुतरे.

तेव्हा निबंधातील तांबड्या रेघेशेजारी आम्ही अखेर लिहिले, "राष्ट्रपती भवनाच्या घुमटाने स्तूपाचे रूप घेतले आहे; तो स्तूप नव्हे." आपल्या वारशाचा अभिमान असावा, परंतु तो तपासून घ्यावा. सभेत टाळ्या मिळतात म्हणून वाटेल ते विधान करणाऱ्या वक्त्यांमुळे आपल्याच मुलांचे परीक्षेत गुण जातात, हे आम्ही पाहिले आहे.

परंतु आम्हाला खरी बोचलेली गोष्ट वेगळीच आहे.

सांचीच्या वेदिकेचे दगड कोरे नाहीत. त्यांवर ब्राह्मी लिपीत शेकडो छोटे लेख कोरलेले आहेत. अमक्या गावच्या भिक्षुणीचे दान, तमक्याच्या आईचे दान, विणकराचे दान, लेखनिकाचे दान, श्रेष्ठीचे दान. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी सूची. नाव, बहुधा गाव किंवा धंदा, आणि शेवटी 'दानं'. रक्कम लिहिण्याची रीत तेथे दिसत नाही. दक्षिणेच्या तोरणावर दोन लेख आहेत. एकात सातवाहन राजा सातकर्णी याच्या कारागिरांचा मुख्य आनंद याने दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे पैठणच्या सातवाहनांशी नाते सांगणारे ते तोरण आपल्या महाराष्ट्राशीही जोडलेले आहे. दुसऱ्यात विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी हे कोरीवकाम केले, असे नमूद आहे. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांची ओळख दगडावर राहिली.

आणि या सामान्य माणसांच्या नावांनी पुढे काय करून ठेवले पहा! कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे १८३७ साली सांचीच्या लेखांचे ठसे आले. लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की, बहुतेक लहान लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. वेदिकेवर एकेका दगडावर वेगवेगळा लेख, आणि शेवट मात्र एक. तेव्हा हा शब्द 'दानं' असला पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. तो तर्क बरोबर निघाला. त्या दोन अक्षरांच्या किल्लीने ब्राह्मी लिपी उघडली, मग स्तंभांवरचे आणि खडकांवरचे मोठे लेख वाचता आले आणि हजारो वर्षे विसरलेला सम्राट अशोक पुन्हा जगासमोर आला. राजाज्ञेत त्याचे 'अशोक' हे नाव स्पष्ट सापडले ते १९१५ साली मस्कीच्या लेखात. त्या वेळी रायसीनाच्या टेकडीवर इमारतीचे काम चालू होते. विणकराच्या आणि भिक्षुणीच्या नावांनी सम्राटाचे नाव वाचून दिले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

हे पाहायला सांचीलाच गेले पाहिजे असेही नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात जाणारे आपले लोक पुष्कळ. तेथे द्वार घडविणारा धेनुकाकटचा सुतार सामी याचे नाव कोरलेले आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. खांब देणारे यवनही आहेत. आपण मात्र फोटो काढतो, डबा खातो आणि खाली उतरतो.

रायसीनाच्या वेदिकेवर असे काही नाही. आकार घेतला आणि नावे सोडली. वास्तुविशारद कोण, मुख्य अभियंता ह्यू कीलिंग, ठेकेदार हारून-अल-रशीद, पुढच्या प्रांगणाचे काम करणारे सुजानसिंग आणि त्यांचे पुत्र शोभासिंग, ही नावे कोणत्याही पुस्तकात मिळतात. सुमारे २३ हजार मजूर कामावर होते, हेही मिळते. परंतु ते आकड्यात मिळतात, नावात नाही. राजस्थानातून आलेली कुटुंबे, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाया, लाल आणि पिवळसर दगडाला आकार देणारे पाथरवट, ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी राहिली ते रायसीना-मालच्याचे शेतकरी, हे सगळे एका बेरजेत गेले. त्याच काळात ई. बी. हॅवेल या इंग्रज कलाभ्यासकाने जाहीर आग्रह धरला होता की, नवी दिल्ली बांधण्याचे काम हिंदी कारागिरांच्या परंपरेवर सोपवावे, त्यांना नुसते हुकूम पाळणारे मजूर करू नये. ते ऐकले गेले नाही. आम्ही आयुष्यभर बेरजाच करीत आलो आहोत, त्यामुळे बेरजेत काय नाहीसे होते ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.

असो. इमारतीच्या आत जे आहे त्याचीही हकीकत अशीच ऐकण्यासारखी आहे, कारण तेथील सर्वांत मोलाच्या दोन वस्तू लुटियन्सच्या आराखड्यात नव्हत्याच.

स्वातंत्र्यानंतर १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत भारत व पाकिस्तान यांच्या कलेचे मोठे प्रदर्शन झाले. निरनिराळ्या संग्रहालयांतून त्यासाठी नेलेल्या कलाकृती परत आल्या, तेव्हा त्या आपापल्या गावी पाठविण्यापूर्वी दिल्लीत एकत्र दाखवाव्यात असे ठरले. त्यासाठी १९४८ च्या हिवाळ्यात या वास्तूची, म्हणजे त्या वेळच्या गव्हर्नमेंट हाउसची, दालने उघडण्यात आली. जेथे व्हाइसरॉयच्या मेजवान्या होत तेथे सामान्य लोक मूर्ती पाहायला आले. त्यातूनच १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालय याच इमारतीत सुरू झाले. पुढे १९६० मध्ये ते स्वतःच्या इमारतीत गेले, पण दोन वस्तू मागे राहिल्या.

एक म्हणजे प्रवेशद्वाराच्या खांबांमध्ये उभा असलेला रामपुरव्याचा वृषभ. बिहारच्या चंपारण भागात रामपुरवा येथे अशोककालीन दोन स्तंभ होते. त्यांपैकी एकाच्या शिरावरचा हा बैल दयाराम साहनी यांना १९०७-०८ च्या उत्खननात सापडला. पालथ्या कमळाच्या आकारावर तो नुसता उभा आहे. ना झूल, ना घुंगरू, ना दागिना. वशिंडाची गोलाई आणि पायांतला भार पाहावा! आमच्या पुढे चाललेल्या एका गृहस्थांनी त्याला नंदी समजून हात जोडले. आम्ही काही बोललो नाही. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकारासाठी तो नमस्कार होता असे धरले, तर तो योग्य ठिकाणीच पोहोचला.

दुसरी वस्तू म्हणजे दरबार हॉलमधील तथागतांची उभी मूर्ती. ही गुप्तकाळातील, पाचव्या शतकातील, मथुरेच्या परंपरेतील आहे. चीवराच्या चुण्या बारीक दोऱ्यांप्रमाणे अंगावरून उतरतात. मस्तकामागे कोरीव प्रभावलय आहे. दृष्टी खाली वळलेली आहे. जेथे पूर्वी सिंहासने होती त्याच बाजूला, राष्ट्रपतींच्या खुर्चीच्या मागे, ही मूर्ती आहे. तिच्या पायाची पातळी इंडिया गेटच्या माथ्याइतकी उंच आहे, असे तेथील मार्गदर्शक सांगतात.

येथे विद्यार्थ्यांनी एक तपशील नीट लक्षात ठेवावा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी याच वास्तूत स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री झाले. ते बुद्धमूर्तीसमोर शपथ घेत असल्याचे वर्णन आम्ही भाषणांत ऐकले आहे. मूर्ती तेथे त्यानंतरच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आली. मात्र त्याआधी, २२ जुलै १९४७ रोजी, घटना समितीने राष्ट्रध्वजावर अशोकचक्र स्वीकारले होते आणि ध्वजासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते, हे खरे आहे. २६ जानेवारी १९५० रोजी याच हॉलमध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली आणि त्याच दिवशी सारनाथचे सिंहशीर्ष राजमुद्रा झाले. बाबासाहेबांना मरणोत्तर 'भारतरत्न' मिळाले ते १९९० साली, राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या हस्ते ते माईसाहेबांनी, म्हणजे डॉ. सविता आंबेडकर यांनी, स्वीकारले. महापरिनिर्वाणानंतरच्या चौतीसाव्या वर्षी!

वरच्या बाजूला जुने नृत्यगृह आहे. प्रजासत्ताकात त्याला अशोक हॉल म्हणू लागले. तेथे मान वर करून पाहिले आणि हसावे की काय करावे ते कळेना. छताच्या मध्यभागी इराणचा बादशहा फतेह अली शाह शिकार करीत आहे! घोडे उधळले आहेत, भाले रोखले आहेत. त्याच्या भोवतालचे छतही कोलोनेलो नावाच्या इटालियन चित्रकाराने हिंदी चित्रकारांना हाताशी घेऊन त्याच थाटात रंगविले आहे. कला म्हणून ते नि:संशय देखणे आहे. परंतु नाव कोणाचे? मुंबईजवळ सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या आठव्या लेखाचा विषयच हा आहे की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात असत. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. ज्याने शिकार सोडल्याचे खडकावर कोरून ठेवले, त्याच्या नावाच्या दालनात छतभर शिकार! चित्र काढून टाका असे आम्ही म्हणणार नाही. त्याखाली सोपाऱ्याच्या लेखाचा मराठी-हिंदी अर्थ लावावा, एवढेच सुचवावेसे वाटते.

नावे बदलण्याचे काम मात्र चालूच असते. व्हाइसरॉय हाउसचे गव्हर्नमेंट हाउस झाले, मग राष्ट्रपती भवन झाले. २०२३ मध्ये मुघल गार्डनचे अमृत उद्यान झाले. २०२४ च्या जुलैमध्ये दरबार हॉलचे गणतंत्र मंडप आणि अशोक हॉलचे अशोक मंडप असे नामकरण झाले. 'दरबार' हा शब्द गेला, याचे आम्हाला वाईट वाटत नाही. राहणारेही बदलले. चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल झाले तेव्हा व्हाइसरॉयचे दालन त्यांना फार थाटाचे वाटले आणि ते पाहुण्यांच्या भागातील लहान खोल्यांत राहिले. पुढील राष्ट्रपतींनीही तोच पायंडा ठेवला. धान्यटंचाईत त्यांनी आवारात गहू पेरला. १९९७ मध्ये केरळातील दलित कुटुंबात जन्मलेले के. आर. नारायणन आले, २०१७ मध्ये रामनाथ कोविंद आले, २०२२ मध्ये संथाळ समाजातील द्रौपदी मुर्मू आल्या. आपल्या महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ येथे होत्या.

परत आल्यावर इमारत समितीपुढे आम्ही हे सर्व सांगितले. घुमटाचा प्रश्न लवकर मिटला, कारण अंदाजपत्रकात घुमट बसेना. आता सपाट गच्चीवर वेदिकेचा कठडा होणार आहे. राहिला प्रश्न प्रवेशद्वाराजवळच्या संगमरवरी पाटीचा. पाच हजार आणि त्यावरील देणगीदारांची नावे रकमेसह कोरावी, असा पूर्वीचा ठराव आहे. आम्ही सुचविले की, काम करणाऱ्यांचीही नावे घ्यावीत. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कोषाध्यक्ष म्हणाले, "नावं आणा तर खरं."

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर वही घेऊन बांधकामावर गेलो. मुख्य गवंड्याने सांगितले ते टोपणनाव. पूर्ण नाव विचारल्यावर तो थबकला. सेंट्रिंगवाले हसले. पाणी मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दगडावर कशाला साहेब, हजेरीत लिवलंय की." मग पदर खोचून जवळ आल्या आणि स्वतःचे, आईचे आणि गावचे, अशी तिन्ही नावे सावकाश सांगितली व आम्ही नीट लिहिली की नाही ते मुलीकडून वाचवून घेतले. एकूण ३१ नावे झाली. देणगीदार ५४. पाटी तीन फूट बाय दोन फूट. पाथरवटाने अक्षरे मोजली आणि सांगितले की, एवढी नावे बसणार नाहीत. मात्र रकमा काढल्या तर सगळी बसतील. रकमा वगळाव्यात किंवा कसे, हा विषय पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौथ्या क्रमांकावर आहे.